स्लॅबमधलं केमिकल आणि मिक्सरवरची नळी

वाचकाचं पत्र:

“आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर. जुनं कौलारू घर उतरवून पुढच्या बाजूला स्लॅबचं बांधकाम चाललंय. मागची आईची खोली जांभ्याची आहे, ती तशीच ठेवली. मी ठाण्याला नोकरी करते, त्यामुळे शनिवार-रविवारीच गावी जाणं होतं. फेब्रुवारीच्या मध्याला स्लॅब टाकायचा आहे. ठेकेदार म्हणतात, काँक्रीटमध्ये वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालू, गोणीमागे एक छोटी बाटली. मग वर कोबा वगैरे काही नको, पन्नास वर्षं थेंब गळणार नाही. तालुक्याच्या दुकानदाराने त्याहून कितीतरी महाग अशी क्रिस्टलाइन पावडर सुचवली. माझा भाऊ म्हणतो, केमिकलने सळ्या गंजतात, काहीच घालू नका, पुढच्या वर्षी वर पत्रे टाकू. अंगणात जमिनीखालची पाण्याची टाकीही बांधायची आहे, कारण एप्रिलनंतर विहिरीचं पाणी मचूळ होतं. शिवाय आईच्या खोलीची भिंत पावसाळ्यात जमिनीपासून हातभर ओली होते. तिथेही हेच केमिकल चालेल का? कोणाचं ऐकू?”

ताई,

स्लॅबमध्ये केमिकल जरूर घाला. पण ठेकेदार म्हणतायत ते नव्हे, दुसरं. ठेकेदारांचा डबा पश्चिमेकडच्या भिंतीच्या प्लास्टरसाठी ठेवा. दुकानदाराची पावडर टाकीसाठी घ्या. आईच्या खोलीला यातलं काहीच लावू नका. आणि वरचं वॉटरप्रूफिंग मात्र रद्द करू नका. कारणं जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला ती ठेकेदारांसमोर बोलून दाखवावी लागणार आहेत.

सिमेंट घट्ट व्हायला पाणी लागतं, पण आपण घालतो त्यापेक्षा पुष्कळ कमी. स्वतःच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी सिमेंट रासायनिक क्रियेत बांधून घेतं. आणखी १५ टक्क्यांच्या आसपास पाणी त्या क्रियेतून तयार होणाऱ्या चिकट पदार्थात अडकून राहतं. ५० किलोच्या गोणीला हे मिळून १९ लिटर झाले. त्यावरचं सगळं पाणी केवळ काँक्रीट पसरावं, सळ्यांच्या जाळीत शिरावं, घमेल्यातून सहज सुटावं म्हणून घातलेलं असतं. पुढे ते उडून जातं आणि जिथे होतं तिथे पोकळी ठेवून जातं. या पोकळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण एकीला एक जोडलेल्या असल्या की स्लॅबच्या माथ्यापासून तळापर्यंत पाण्याला वाट मिळते. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत पाणी ती वाट शोधून काढतंच.

ही वाट बंद व्हायला किती दिवस लागतात, याचे आकडे अमेरिकेच्या पोर्टलँड सिमेंट असोसिएशनमधल्या टी. सी. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली मांडले. पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन, म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण, ०.४५ असेल आणि काँक्रीट सतत ओलं ठेवलं असेल, तर सुमारे ७ दिवसांत पोकळ्या एकमेकींपासून तुटतात. प्रमाण ०.५० असेल तर १४ दिवस लागतात. ०.६० असेल तर सहा महिने, ०.७० असेल तर वर्ष. त्याच्या पुढे गेलात तर कितीही पाणी मारा, वाट बंद होतच नाही.

आता ०.५० आणि ०.६० यांच्यात फरक किती पाण्याचा? गोणीमागे पाच लिटरचा. दोन आठवड्यांत घट्ट होणारा स्लॅब आणि सहा महिने लागणारा स्लॅब यांच्यामध्ये एक लहान बादली आहे, आणि सहा महिने स्लॅबला पाणी कोणी मारत नाही. पत्रात तुम्ही केमिकलबद्दल इतकं लिहिलंत, पण मिक्सरमध्ये पाणी कोण, कशाने मोजून घालणार आहे याबद्दल तुमच्याशी कोणी बोललेलं दिसत नाही. तुमचा स्लॅब गळणार की नाही, हे मुख्यतः तिथे ठरणार आहे.

स्लॅबच्या दिवशी मिक्सरपाशी काय चालतं ते एकदा उभं राहून बघा. सिमेंटच्या गोण्या मोजल्या जातात, खडी-वाळू घमेल्याने का होईना पण मोजली जाते, आणि पाणी मात्र नळीने पडतं. नळी मिक्सरवाल्याच्या हातात. वरून कोणीतरी ओरडतं, “माल कडक येतोय”, की नळी आणखी थोडा वेळ आत राहते. दुपारच्या उन्हात माल लवकर आवळतो, तेव्हा आणखी थोडा वेळ. हे कोणी वाईट हेतूने करत नाही. कडक काँक्रीट ओढणं-पसरणं ही कंबर मोडणारी मेहनत आहे, आणि ती करणाऱ्याला पाणी हाच एक आराम असतो. पण अशा मालात गोणीमागे बाटलीभर वॉटरप्रूफिंग घातलं काय अन् न घातलं काय, फरक फारसा पडत नाही.

ठेकेदार म्हणतायत ते द्रव कंपाउंड नेमकं काय करतं? अशा कंपाउंडमध्ये बहुधा स्टिअरेट किंवा तत्सम मेदाम्लांचे क्षार असतात. ते पोकळ्यांच्या आतल्या बाजूला पाणी न धरणारा पातळ थर देतात, त्यामुळे भिंत किंवा स्लॅब पाणी आपणहून ओढून घेत नाही. काहींमध्ये थोडा प्लास्टिसायझरही (कमी पाण्यात काँक्रीट वाहतं ठेवणारं द्रव्य) असतो. भारतीय मानक आयएस २६४५ याच पदार्थांसाठी आहे, आणि ते वाचलं की बाजारातल्या शब्दांचं वजन कळतं. त्यात अट अशी आहे की कंपाउंड घातलेल्या नमुन्यातून झिरपणारं पाणी, न घातलेल्या नमुन्याच्या निम्म्याहून कमी असलं पाहिजे. निम्म्याहून कमी! शून्य नव्हे. ही तुलनाही प्रयोगशाळेत, मोजून-मापून केलेल्या दोन नमुन्यांमधली. शिवाय पोकळीतला थर ओढलं जाणारं पाणी अडवतो. भेगेतून उतरणाऱ्या पाण्यापुढे त्याचा इलाज चालत नाही. तेव्हा “पन्नास वर्षं थेंब नाही” ही हमी डब्यामागच्या मानकात कुठेच नाही. ठेकेदारांना विचारा, हे लेखी द्याल का? नाही म्हणाले तर त्यांच्यावर रागावू नका, पण त्या शब्दांवर वरचा कोबा रद्दही करू नका.

मग स्लॅबला कुठलं केमिकल? सुपरप्लास्टिसायझर. त्याच्यावर वॉटरप्रूफिंग असं लिहिलेलं नसतं म्हणून घर बांधणाऱ्याच्या नजरेत ते येत नाही. पाण्यात सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गोळे करतात आणि त्या गोळ्यांमध्ये पाणी अडकून पडतं. हे द्रव्य ते गोळे सोडवतं. अडकलेलं पाणी मोकळं होतं आणि कमी पाण्यातही काँक्रीट नीट वाहतं. नॅफ्थॅलिन जातीच्या जुन्या सुपरप्लास्टिसायझरने पाणी १२ ते २५ टक्क्यांपर्यंत कमी करता येतं, पॉलिकार्बोक्सिलेट जातीच्या नव्याने त्याहूनही जास्त. म्हणजे वर पसरणाऱ्या माणसाची कंबरही वाचते आणि नळी उघडायचं कारणही उरत नाही.

तुमच्या बाबतीत हे ऐच्छिक नाही, कारण घर समुद्राजवळ आहे. काँक्रीटसाठीचं मानक आयएस ४५६ किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला ‘तीव्र’ परिस्थितीत धरतं. त्या वर्गासाठी किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट (आकडा मोठा तेवढी ताकद जास्त), घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ असं ते सांगतं. आपल्याकडे सर्रास चालणारं एकास दीडास तीन हे एम-२० चं प्रमाण आहे, आणि ठोकळ प्रमाणाने काँक्रीट करायला मानकाची मुभा एम-२० पर्यंतच आहे. तेव्हा तुमच्या इंजिनिअरकडून एम-३० चं मिक्स डिझाइन लिहून घ्या, तुमच्याच वाळू-खडीवर केलेलं. ०.४५ म्हणजे गोणीमागे साडेबावीस लिटर पाणी. सुपरप्लास्टिसायझरशिवाय इतक्या पाण्यात स्लॅब पसरणं फार अवघड जातं, आणि मग नळी पुन्हा चालू होते.

त्या साडेबावीस लिटरांत वाळूतलं पाणीही धरायचं असतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. वाळू नदीची असो की क्रश सँड, ढिगातली वाळू ओली असते. एक किलो वाळू ढिगाच्या मधून घ्या, घरातल्या जुन्या कढईत मंद आचेवर परता, रंग फिका होऊन दाणे सुटे झाले की थंड करून पुन्हा वजन करा. ९५० ग्रॅम भरली तर पाच टक्के पाणी होतं असं समजा. गोणीमागे ८०-९० किलो वाळू पडत असेल तर चार-साडेचार लिटर पाणी वाळूतूनच आलं. म्हणजे मिक्सरमध्ये साधारण अठरा लिटरच घालायचं. स्लॅबच्या सकाळी ही परीक्षा करा, आदल्या दिवशीची चालणार नाही. मग प्लास्टिकच्या बादलीवर त्या पातळीला ऑइल पेंटने जाड रेघ मारा आणि नळी मिक्सरपासून लांब, पिंपात सोडायला लावा. पाणी पिंपातून बादलीने, बादलीतून मिक्सरमध्ये. माल कडक वाटला तर पाणी वाढवायचं नाही, इंजिनिअरला विचारून सुपरप्लास्टिसायझर किंचित वाढवायचा. आयएस ४५६ ने त्यालाही सिमेंटच्या दोन टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. नेहमीची मात्रा त्याहून बरीच खाली असते. जास्त झाला तर खडी खाली बसते, पाणी वर येतं आणि काँक्रीट आवळायला उशीर करतं. तो मिक्सरमध्ये शेवटी घालायच्या पाण्यात मिसळून घाला, कोरड्या सिमेंटवर ओतू नका.

जवळपास आरएमसी प्लांट (तयार काँक्रीट बनवून गाडीने पोचवणारा कारखाना) असेल आणि गाडी घरापर्यंत येत असेल तर हा पर्याय उत्तम, कारण तिथे सगळं वजनाने मोजलं जातं. मग लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचं: गाडी आल्यावर तिच्या ड्रममध्ये पाण्याचा एक थेंब कोणी घालता कामा नये. दोन्ही बाबतींत माल किती पातळ आहे ते मोजायचा स्लम्पचा शंकू मागवून घ्या. तीस सेंटिमीटर उंचीचा तो लोखंडी शंकू भरून उचलला की माल ७५ ते १०० मिलिमीटर खाली बसावा. तुम्ही इंजिनिअर नसलात तरी हे मोजपट्टीने मोजू शकता. आणि हे सगळं पहिल्यांदा स्लॅबवर करून बघू नका. आधी एखाद्या लिंटेलला (दारा-खिडकीवरच्या पट्टीला) हाच माल, हेच केमिकल वापरून बघायला सांगा, म्हणजे मिक्सरवाल्याचा हात बसतो.

भावाच्या भीतीबद्दल. ती अगदीच निराधार नाही. पूर्वी काँक्रीट लवकर आवळावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड असलेली द्रव्यं वापरली जात, आणि क्लोराइड, म्हणजे मिठातलाच एक घटक, सळीचा शत्रू आहे. काँक्रीटच्या अल्कधर्मी वातावरणात सळीवर एक संरक्षक पापुद्रा असतो; क्लोराइड तो फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आधी भेग पडते, मग कव्हर, म्हणजे सळीखालचा काँक्रीटचा थर, पोपड्यासारखं सुटून पडतं. सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला एकूण ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नको, असं आयएस ४५६ सांगतं. डब्याच्या माहितीपत्रकावर क्लोराइडमुक्त असल्याचा उल्लेख आणि आयएस ९१०३ चा आधार आहे का ते बघा. असेल तर भावाला निर्धास्त राहायला सांगा.

पण क्लोराइड केमिकलमधून येण्याआधी तुमच्या विहिरीतून येईल, याची मला जास्त काळजी वाटते. पाणी एप्रिलनंतर मचूळ होतं असं तुम्ही लिहिलंत. फेब्रुवारीत जिभेला ते गोडच लागेल, पण जिभेवर विसंबू नका. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालतं. पाण्याची बाटली भरून तपासायला द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत हे काम होतं. पाणी नापास झालं तर टँकर मागवा, आणि स्लॅबवर मारायलाही तेच चांगलं पाणी वापरा. खाडीची रेती स्वस्त मिळत असेल तरी घेऊ नका. यात तडजोड केली तर कुठलाही महागडा डबा तिची भरपाई करू शकत नाही.

सळीवरचं कव्हरही या भागात महत्त्वाचं. ‘तीव्र’ परिस्थितीला मानक ४५ मिलिमीटर कव्हर मागतं आणि साइटवर मात्र फरशीचे तुकडे ठेवून पंधरा-वीसवर भागवलं जातं. हे ऐनवेळी वाढवायची गोष्ट नाही, स्लॅबची जाडी आणि सळ्या त्यावर ठरतात. इंजिनिअरला आजच फोन करा आणि आतल्या-बाहेरच्या कुठल्या भागाला किती कव्हर ते नकाशावर लिहून मागा. कव्हर ब्लॉक त्याच मापाचे, काँक्रीटचे.

स्लॅबच्या दिवशी आणखी एका गोष्टीवर नजर ठेवा: काम मध्ये थांबता कामा नये. जेवणासाठी सगळे एकदम उठले आणि दीड तासाने नवा माल जुन्याला लागला, की तिथे सांधा राहतो. वरून दिसत नाही, पण पहिल्याच पावसात खाली सरळ रेषेत ओल उमटते. जेवण पाळीपाळीने. व्हायब्रेटर एक चालू आणि एक हाताशी, कारण एकच असला की तो नेमका मध्यावर बंद पडतो. वायरिंगचे पाइप स्लॅबमध्ये एकमेकांना चिकटवून टाकू देऊ नका, त्यांच्या रांगेवर भेग जाते.

मग पाणी मारणं. फेब्रुवारीत हवा कोरडी असते, दुपारी वारा सुटतो. रंधा फिरवून झाला की ताबडतोब वर प्लास्टिकचा कागद पसरा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पृष्ठभागावर आडव्यातिडव्या बारीक भेगा पडतात. दुसऱ्या दिवशी आळी बांधून पाणी भरा. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) घ्या; किनाऱ्यावर क्लोराइड आत शिरण्याला ते जास्त विरोध करतं. पण ते सावकाश घट्ट होतं, म्हणून मानकाने त्याला किमान १० दिवस ओलं ठेवायला सांगितलंय आणि १४ दिवसांची शिफारस केली आहे. तुम्ही चौदा दिवस धरा. या दिवसांचे पैसे ठेकेदारांना वेगळे द्यायची तयारी ठेवा आणि तसं त्यांना आधी सांगा. पाणी मारायला ठेवलेल्या माणसाला कोणी पैसेच देत नाही, म्हणून ते काम चौथ्या दिवशी बंद पडतं.

सेंटरिंग (स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा साचा) काढल्यावर पुन्हा दोन-तीन दिवस पाणी भरा आणि खालून बॅटरीने छत बघा. जिथे ओल दिसेल तिथे मार्करने गोल करा, शेजारी तारीख-वेळ लिहा, आणि दुसऱ्या दिवशी गोल वाढलाय का ते पाहून वाढला असेल तर नवा काढा. फोटो काढून ठेवा. पावसाआधी हातात तीन महिने असतील आणि ठेकेदारांचा शेवटचा हप्ताही तुमच्याकडे असेल. जागा सापडली की ती इंजेक्शन ग्राउटने, म्हणजे दाबाने पातळ भरण आत सोडून, भरणं सोपं असतं. वर कोबा झाल्यावर तीच जागा शोधणं फार कठीण.

वरच्या थराशिवाय मात्र राहू नका. उन्हाने स्लॅब दिवसा ताणतो, रात्री आकसतो, आणि चांगल्या काँक्रीटलाही कालांतराने बारीक भेगा जातात. काँक्रीटमधलं केमिकल त्या वेळी काही करू शकत नाही. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून केलेला थर, हा आपल्याकडचा चालत आलेला उपाय, मला आजही आवडतो, कारण तो उन्हापासूनही स्लॅबला जपतो. पण त्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. इंजिनिअरने ते हिशोबात धरलंय का हे स्लॅबआधी विचारायचं. धरलं नसेल तर पॉलिमरचं लवचीक कोटिंग आणि वर सिमेंट-वाळूचा पातळ थर (स्क्रीड). दोन्हींत उतार शंभराला एक तरी हवा आणि कठड्याच्या बुडाशी वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा भराव) गोल काढलेला हवा. गळती स्लॅबच्या मधोमध क्वचित सुरू होते. कोपरे, पाइपाची भोकं आणि कठड्याचा सांधा इथेच जास्त.

भावाचे पत्रे? वाईट कल्पना नाही. ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात, वाळवण घालायला जागा होते. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तुमच्या तालुक्यात काय झालं ते त्यांनी पाहिलं असेल. पत्रे उडाले तेव्हा खाली ज्यांचा स्लॅब उघडा होता त्यांच्या घरात पाणी आलं. आणि पत्र्याच्या खांबांसाठी नंतर स्लॅबला ड्रिलने भोकं पाडली तर गळतीच्या नव्या जागा आपण होऊन तयार करतो. टाकायचेच असतील तर बेस प्लेटचे बोल्ट आत्ताच, स्लॅब ओततानाच बसवून घ्या.

टाकीला दुकानदाराची पावडर खरोखर शोभते. क्रिस्टलाइन द्रव्य काँक्रीटमधल्या ओलाव्याशी आणि मोकळ्या चुन्याशी क्रिया करून पोकळ्यांत न विरघळणारे स्फटिक वाढवतं. त्याला पाणी सतत मिळत राहिलं तर ते काम चालूच ठेवतं, आणि न हलणाऱ्या बारीक भेगाही भरून काढतं, साधारण ०.४ मिलिमीटरपर्यंतच्या, असं उत्पादक सांगतात. गच्चीवर उन्हाने रोज उघडझाप करणाऱ्या भेगेला ते पुरं पडत नाही. जमिनीखालच्या टाकीत ओल कायम असते, पाण्याचा दाब असतो, तापमान फारसं बदलत नाही. तिथे पैसे वाया जात नाहीत. मात्रा उत्पादनाप्रमाणे सिमेंटच्या एक ते दोन टक्क्यांच्या आसपास असते, ती माहितीपत्रकातूनच घ्या. पिण्याच्या पाण्याला चालतं असं प्रमाणपत्र मागा. आणि तळ आणि भिंत यांच्या सांध्यात पीव्हीसीचा वॉटरबार (पाणी अडवणारी पट्टी) घालायला विसरू देऊ नका, टाक्या तिथेच झिरपतात.

ठेकेदारांचा द्रव डबा पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींच्या बाहेरच्या प्लास्टरला वापरा. पावसाची झड थेट त्याच भिंतींवर येते आणि प्लास्टर ते पाणी ओढून घेतं. ओढणं थांबवणं हेच तर या डब्याचं काम. बहुतेक डब्यांवर गोणीला २०० मिलीची मात्रा असते. आधी डबा हलवा, मग मोजून पाण्यात मिसळा. दुप्पट घातलं म्हणून दुप्पट फायदा होत नाही, उलट प्लास्टर कमजोर होतं. प्लास्टर दोन थरांत, आणि पहिल्या थरालाच हे घाला.

राहिली आईची खोली. पावसाळ्यात जमिनीपासून हातभर ओल म्हणजे जांभा खालून पाणी ओढतोय. जोत्याला ओलरोधक पट्टी नसावी, किंवा अंगण वर्षानुवर्षं भर घालून जोत्याच्या वर आलं असावं. खात्री करून घ्यायला, पावसाळ्यात भिंतीवर हातभर चौकोनी जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक रात्र ठेवा. सकाळी थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, आणि उपाय खिडकी उघडी ठेवण्याचा आहे.

भिंतीतून येत असेल तर सिमेंटचं वॉटरप्रूफ प्लास्टर मारू नका. ते ओल अडवत नाही, कोंडतं. मग ती कंबरेपर्यंत, पुढे खांद्यापर्यंत चढते आणि लोणा लागतो. खालचं सिमेंट प्लास्टर असेल तर काढून चुन्याचं करा, म्हणजे भिंत उन्हाळ्यात वाळू शकेल. आणि बाहेरून भिंतीला लागून चर खणा, खोलीच्या जमिनीपेक्षा वीतभर तरी खोल, तळाला खडी आणि भोकांचा पाइप, उतार परसाकडे. छपराच्या पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडत असतील तर पन्हळ लावून त्या दूर न्या. टाकीच्या खड्ड्यासाठी जेसीबी अंगणात येईल त्याच दिवशी हा चरही खणून घ्या, पण जांभ्याच्या भिंतीजवळचा शेवटचा फूटभर भाग हातानेच खणायला सांगा. जुन्या घरांचा पाया उथळ असतो.